दात पांढरे करणारं जेल घरी वापरायचं असेल, तर आधी हे समजून घ्या

लग्नसराई जवळ आली की मोबाइलवर एकच जाहिरात पुन्हापुन्हा दिसू लागते. इंजेक्शनच्या सिरिंजसारखी एक नळी, तोंडात धरायचा निळा दिवा आणि आठवड्याभरात दात दुधासारखे पांढरे होतील असं आश्वासन. मग घरोघरी तेच प्रश्न विचारले जातात. यानं दातांचं इनॅमल जातं का? हिरड्या भाजतात का? की नुसतीच फसवणूक आहे?

माझं मत आधीच सांगते. योग्य ताकदीचं जेल, दातांवर नीट बसणारा ट्रे (म्हणजे जेल भरून दातांवर चढवायचा प्लास्टिकचा साचा) आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर असेल, तर घरच्या घरी दात उजळ करण्याची ही पद्धत सुरक्षित आहे आणि तिचा उपयोगही होतो. नुकसान होतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक तर आपल्या दातांवरचा डाग कोणत्या प्रकारचा आहे हे न बघता जेल लावलं जातं. दुसरं म्हणजे लवकर फरक दिसावा म्हणून गरजेपेक्षा जहाल जेल निवडलं जातं.

दात मुळात पिवळट का दिसतो?

दाताचं बाहेरचं कठीण आवरण म्हणजे इनॅमल. वजनाच्या हिशेबानं त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो आणि शरीरात याहून कठीण काहीच नाही. हे आवरण अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आत डेंटिन नावाचा थर असतो आणि त्याचा नैसर्गिक रंगच पिवळसर आहे. आरशात दिसतो तो रंग म्हणजे इनॅमलमधून डोकावणारं हे डेंटिन.

वय वाढतं तसं इनॅमल झिजून पातळ होतं आणि डेंटिन जाड व गडद होत जातं. पन्नाशीतला माणूस कितीही नेमानं ब्रश करत असला, तरी त्याचे दात विशीतल्यासारखे दिसत नाहीत ते यामुळे. सुळे इतर दातांपेक्षा पिवळे असतात, कारण त्यांत डेंटिन अधिक असतं. थोडा पिवळेपणा म्हणजे अस्वच्छता किंवा आजार असं मुळीच नाही. जाहिरातीतला खडूसारखा पांढरा रंग निसर्गात कोणाच्याच तोंडात नसतो.

डाग बाहेरचा की आतला?

बाहेरचे डाग इनॅमलच्या पृष्ठभागावर चिकटलेले असतात. चहा, कॉफी, तंबाखू, गुटखा, मशेरी, लोहाचं पातळ औषध आणि क्लोरहेक्सिडीन असलेला माउथवॉश बरेच दिवस वापरणं ही त्यांची नेहमीची कारणं. त्यात दातांवर साचून घट्ट झालेलं कीटणही असतं. यावर जेल लावून पैसे वाया घालवू नका. दंतवैद्याकडे एकदा दात साफ करून घेतले की हे डाग निघतात, आणि पुष्कळ जणांना मग जेलची गरजच उरत नाही. साफ केल्यानं दात सैल होतात ही भीती निराधार आहे. कीटण निघाल्यावर दातांमध्ये फट जाणवते, कारण ती कीटणानं भरलेली होती. हिरड्यांची सूज उतरली की तीही उघडी पडते.

आतले डाग वेगळे. वर्षानुवर्षांचा चहा-तंबाखूचा रंग इनॅमलच्या सूक्ष्म छिद्रांतून आत मुरलेला असतो, त्यात वयाचा पिवळेपणा मिसळलेला असतो. घासून यातलं काहीच जात नाही. जेलचं खरं काम इथे आहे, आणि पिवळ्या-तपकिरी छटांवर ते सर्वात चांगलं चालतं. राखाडी छटा मात्र चिवट असतात.

महाराष्ट्रात एका डागाकडे विशेष लक्ष द्यायला हवं, तो म्हणजे फ्लोरोसिस. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅम चालेल, असं भारतीय मानक सांगतं. पक्के दात हिरड्यांच्या आत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, असं पाणी पोटात जात राहिलं तर दातांवर पांढुरके ठिपके किंवा तपकिरी पट्टे घेऊनच दात उगवतात. अशा मुलांना कॉलेजात गेल्यावर ‘दात घासत नाहीस का?’ हे ऐकावं लागतं, तेव्हा फार वाईट वाटतं. त्यात त्यांचा काडीचाही दोष नसतो. सौम्य फ्लोरोसिसमध्ये जेलचा उपयोग होतो, पण एक ते तीन महिने लागू शकतात. पहिल्या काही दिवसांत पांढरे ठिपके उलट जास्त उठून दिसतात. पुढे आजूबाजूचा दात उजळला की त्यांच्यातला फरक कमी होतो. दातावर खड्डे पडले असतील तर मात्र जेल पुरत नाही, तिथे दंतवैद्याचेच उपचार लागतात.

लहानपणी टेट्रासायक्लीन गटातली अँटिबायोटिक औषधं घेतली असतील, तर दातांवर आडवे राखाडी पट्टे येतात. त्यांना सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ लागू शकतो, आणि तेही दंतवैद्याच्या देखरेखीखालीच.

आणि सगळे दात ठीक असताना एकच काळपट पडला असेल, तर आधी एक्स-रे काढा. बहुधा कधीतरी मार लागून त्या दाताची आतली नस मेलेली असते. खाली मुळाशी पू धरत असतानाही असा दात दुखेलच असं नाही. त्याला रूट कॅनॉलची गरज असू शकते आणि तो उजळ करण्याची पद्धतही वेगळी आहे, औषध दाताच्या आत ठेवावं लागतं. वरून जेल लावत राहिलात तर खरा आजार झाकलेलाच राहील.

जेल दाताला नेमकं काय करतं?

नव्या सदऱ्यावर हळदीचा डाग पडला की साबणानं कितीही घासा, तो जात नाही, उलट लालसर होतो. तोच सदरा कडक उन्हात वाळत घातला की डाग हळूहळू नाहीसा होतो. कापडाचा एकही धागा निघालेला नसतो. हळदीतला रंग देणारा रेणूच उन्हानं मोडतो आणि मोडलेल्या रेणूला रंग उरत नाही. जेलही असंच काम करतं. त्यातून सुटणारं हायड्रोजन पेरॉक्साइड इनॅमलच्या छिद्रांतून आत शिरतं आणि तिथे मुरलेल्या रंगाचे मोठे रेणू तोडून लहान, फिकट रेणू करतं. दात खरवडला जात नाही.

बाजारातल्या जेलमध्ये एक तर थेट हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, नाही तर कार्बामाइड पेरॉक्साइड. कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे युरियाशी जोडलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड. ते तोंडातल्या ओलाव्यात सावकाश सुटत राहतं, म्हणून बराच वेळ ठेवायला सोयीचं. ताकदीचा हिशेब मात्र लक्षात ठेवा. कार्बामाइडचा आकडा साधारण तीननं भागला की हायड्रोजन पेरॉक्साइडची ताकद कळते. १० टक्के कार्बामाइड म्हणजे सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड.

हा शोध योगायोगानं लागला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आर्कन्सा राज्यात बिल क्लुस्मायर नावाचे दात सरळ करणारे डॉक्टर होते. रुग्णांच्या हिरड्यांची सूज कमी व्हावी म्हणून त्यांनी तोंडातल्या साच्यात कार्बामाइड पेरॉक्साइडचं जंतुनाशक घालून रात्रभर ठेवायला सांगितलं. हिरड्या सुधारल्याच, शिवाय दातही उजळले. पुढे १९८९ साली हेवूड आणि हायमन या दोन दंततज्ज्ञांनी ही रात्रीच्या ट्रेची पद्धत शोधनिबंधातून मांडली आणि ती जगभर पसरली. तेव्हापासून सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो याच १० टक्के कार्बामाइडच्या जेलचा.

‘पण यानं इनॅमल झिजतं ना?’

हा आक्षेप रास्त आहे, कारण इनॅमल एकदा गेलं की पुन्हा तयार होत नाही. १० टक्के कार्बामाइड सांगितल्याप्रमाणे वापरलं तर इनॅमलचं म्हणण्यासारखं नुकसान होत नाही, असंच आजवरच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. पृष्ठभागाचा कठीणपणा थोडा कमी होऊ शकतो, पण लाळेतली खनिजं आणि टूथपेस्टमधलं फ्लोराइड तो भरून काढतात. फार जहाल किंवा आम्लधर्मी जेल वारंवार वापरलं, तर मात्र हा भरवसा देता येत नाही.

इनॅमल खरोखर खातं ते लिंबू! लिंबू आणि खायचा सोडा दातांवर चोळण्याचे व्हिडिओ मराठीतही भरपूर आहेत. तोंडातला पीएच (आम्लतेचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं, आणि लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो. आम्लानं मऊ झालेल्या पृष्ठभागावर ब्रश किंवा बोट घासलं की तो थर निघून जातो. पहिल्या दिवशी दात स्वच्छ वाटतो. काही महिन्यांनी इनॅमल पातळ होऊन आतलं पिवळं डेंटिन अधिक दिसायला लागतं, आणि माणूस घाबरून आणखी लिंबू चोळतो. कोळशाची पूड, मीठ, राख यांच्या घर्षणानं बाहेरचा डाग निघतो हे खरं, पण सोबत इनॅमलही घासलं जातं. ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्त वाटणारे हे उपाय मला सौम्य पेरॉक्साइडपेक्षा जास्त धोक्याचे वाटतात.

कोणतं जेल घ्यायचं?

युरोपीय संघानं २०११ साली यासाठी नियम केला. ०.१ टक्क्यापर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली वस्तू कोणालाही विकता येते. त्याहून जास्त, ६ टक्क्यांपर्यंतची, फक्त दंतवैद्यामार्फत मिळते आणि पहिला वापर त्यांच्या देखरेखीखाली व्हावा लागतो. अठरा वर्षांखालच्यांना ती देता येत नाही. आपण भारतात बसून ऑनलाइन खरेदी करतानाही हीच मोजपट्टी जवळ ठेवावी.

ती ठेवली की आकड्यांचा गोंधळ सुटतो. ‘३५ टक्के’ असं लिहिलेलं जेल सर्रास विकायला दिसतं. ते ३५ टक्के कार्बामाइड असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या हिशेबात सुमारे १२ टक्के, म्हणजे युरोपच्या मर्यादेच्या दुप्पट. आणि ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच असेल, तर ते दवाखान्यात हिरड्या झाकून लावायचं रसायन आहे, घरी तोंड भाजून निघेल. पाकिटावर रसायनाचं नाव, टक्केवारी, बनवणाऱ्याचा पत्ता आणि वापरण्याची शेवटची तारीख यांपैकी एखादी जरी गोष्ट नसेल तर ते घेऊ नका. मेडिकलमध्ये जखमेसाठी मिळणारं पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा केसांचं ब्लीच दातांना लावायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, पण लोक लावतात म्हणून सांगते.

माझी निवड विचाराल तर पहिल्यांदा वापरणाऱ्यानं १० टक्के कार्बामाइडच घ्यावं. जहाल जेलनं फरक लवकर दिसतो, पण काही आठवड्यांनंतर अंतिम रंग बहुतेक सारखाच येतो. कळ मात्र जास्त सोसावी लागते.

निळ्या दिव्याबद्दल थोडक्यात. घरगुती किटमधल्या एलईडीनं अंतिम रंगात टिकाऊ फरक पडतो असा भक्कम पुरावा नाही. काम जेल करतं. जांभळ्या रंगाचे सीरम तर पिवळ्या छटेवर जांभळा थर चढवतात. तो काही तासांत निघून जातो, दात आहे तसाच राहतो.

आणि हो, पेरॉक्साइड उष्णतेनं मोडतं आणि जेलचा जोर कमी होतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेल्या जेलची ताकद कमी झालेली असू शकते. आणल्यावर थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. फ्रिज उत्तम, बर्फाचा कप्पा नको.

ट्रेवर खर्च करा, जेलवर नाही

गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबायचा तयार ट्रे जाड आणि ढगळ असतो. त्यातून जेल बाहेर येतं, हिरड्यांना लागतं आणि लाळ आत शिरून उरलेल्या जेलचा जोर घालवते. दंतवैद्याकडे दातांचं माप देऊन प्लास्टरचा साचा होतो आणि त्यावर पातळ पारदर्शक ट्रे बनतो. खर्च होतो, पण तो ट्रे वर्षानुवर्षं चालतो आणि त्या निमित्तानं तोंडाची तपासणीही होते. किडलेल्या दाताच्या भोकातून पेरॉक्साइड थेट नसेपर्यंत पोहोचतं, म्हणून कीड आधी भरून घ्यायलाच हवी.

रोज काय करायचं?

सुरुवात करण्यापूर्वी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात दातांचा एक फोटो काढून ठेवा. बदल इतका सावकाश होतो की आरशात तो कळत नाही. आधी फक्त वरच्या दातांना सुरुवात केलीत तर खालच्यांशी तुलना करता येते. शिवाय एका वेळी एकाच जबड्याला त्रास होतो.

रात्री जेवण झाल्यावर मऊ ब्रशनं दात घासा, फटी साफ करा. ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला येईल असा तांदळाच्या दाण्याएवढा थेंब ठेवा. मागच्या बाजूला नको, दाढांना तर मुळीच नको. ट्रे हलकेच दाबून बसवा आणि कडेनं जे जेल वर येईल ते लगेच बोटानं किंवा कापसानं पुसून टाका. ही शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची आहे, कारण हिरडी पांढरी पडून चुरचुरते ती या ओघळामुळे. तसं झालंच तर ट्रे काढून चूळ भरा. हलका चटका दोन-तीन दिवसांत आपोआप बरा होतो, तोवर जेल बंद ठेवा.

१० टक्के कार्बामाइड दोन-चार तास किंवा रात्रभर ठेवतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल मात्र अर्धा-पाऊण तासात काढायचं असतं, त्यावर झोपायचं नाही. पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवून पांढरेपणा वाढत नाही, कारण जेलचा जोर तोवर संपलेला असतो. काढल्यावर चूळ भरा, दात हलक्या हातानं ब्रश करा, ट्रे गार पाण्यात धुवा. गरम पाण्यात तो वाकडा होतो. त्यानंतर काही तास लिंबू सरबत, कोल्ड्रिंक, कोकम यांसारखे आंबट पदार्थ टाळा. चहा-कॉफीही थोडी उशिरानं घेतलेली बरी. थोडं जेल गिळलं गेलं तर घाबरू नका. लाळेतलेच काही घटक पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतात.

साध्या पिवळेपणाला दोन-तीन आठवडे पुरतात.

दात शिवशिवायला लागले तर?

गार पाणी प्यायल्यावर किंवा नुसता वारा लागल्यावरही झटकन कळ येते. ही तक्रार फार सामान्य आहे. पेरॉक्साइड काही मिनिटांतच इनॅमल आणि डेंटिन ओलांडून नसेपर्यंत जातं, म्हणून असं होतं. जेल थांबवलं की बहुधा काही दिवसांत ते जातं.

त्यावर उपाय म्हणजे रोजऐवजी एक दिवसाआड लावणं, वेळ कमी करणं आणि पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट वापरणं. ही पेस्ट जेल सुरू करण्याच्या दोन आठवडे आधीपासून वापरली तर अधिक चांगलं. जास्त त्रास असेल तर तीच ट्रेमध्ये घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवता येते. एकाच दातातून सतत ठणका येत असेल तर तो जेलचा साधा परिणाम नाही. दंतवैद्याला दाखवा.

कोणी वापरू नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबावं. जेल घातक ठरलं आहे असं नाही, पण पुरेसा अभ्यास झालेला नाही आणि दात पांढरे करणं काही अडून राहिलेलं नसतं. अठरा वर्षांखालच्या मुलांनीही वापरू नये. हिरड्यांतून रक्त-पू येणाऱ्यांनी, दातांची मुळं उघडी पडलेल्यांनी आधी उपचार करून घ्यावेत.

तंबाखू किंवा मशेरी लावणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ‘दात घासायला लागते’ म्हणून आजही कितीतरी बायका ती दिवसातून अनेकदा लावतात. दातांचा काळेपणा ही तिच्या त्रासातली सर्वात किरकोळ गोष्ट आहे. गालाच्या आत, हिरडीवर किंवा जिभेखाली पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पुरतं उघडत नसेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर जेलचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करा. तोंडाच्या कॅन्सरची सुरुवात अशीच होऊ शकते आणि लवकर सापडला तर तो बरा होऊ शकतो.

कॅप आणि फिलिंगचं काय?

कॅप, व्हेनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवलेलं पातळ आवरण) आणि दातांच्या रंगाचं फिलिंग यांचा रंग जेलनं बदलत नाही. शेजारचे दात उजळले की पुढची जुनी कॅप गडद दिसायला लागते. पुढच्या दातांवर असं काही असेल तर नंतर ते बदलण्याचा खर्च आधीच धरा. नवं फिलिंग किंवा कॅप करायचीच असेल तर क्रम उलटा ठेवा. आधी दात उजळवा, मग निदान दोन आठवडे थांबा. दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे लगेच केलेलं फिलिंग नीट चिकटत नाही, आणि रंगही तोवर स्थिर झालेला नसतो.

किती पांढरं आणि किती काळ?

जेल सुरू असताना दात थोडे कोरडे पडलेले असतात, म्हणून खऱ्यापेक्षा जास्त पांढरे दिसतात. थांबवल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत एखादी छटा खाली येते. फसवणूक झाली असं समजून लगेच दुसरी नळी उघडू नका. डोळ्यांच्या पांढऱ्या भागाशी दातांचा रंग जुळला की तिथे थांबावं, असं दंतवैद्य सांगतात, आणि ही खूण मला फार उपयोगी वाटते. दातांच्या टोकांना निळसर, काचेसारखी झाक येऊ लागली तर ती जेलनं जाणार नाही. तिथे आत डेंटिनच नसतं.

मिळालेला रंग साधारण एक ते तीन वर्षं टिकतो. चहा-तंबाखू जास्त असेल तर कमी. पुन्हा पिवळेपणा जाणवला की सगळा उपचार नव्यानं करायची गरज नसते, त्याच जुन्या ट्रेमध्ये दोन-चार रात्री जेल घातलं तरी पुरतं. मधल्या काळात एखाद्या दातावर नवी कॅप किंवा मोठं फिलिंग बसलं असेल तर जुना ट्रे घट्ट किंवा सैल होतो. तो तसाच दाबून बसवू नका, नव्यानं माप देऊन दुसरा करून घ्या.